ओढ्याला गट नंबर नसतो

प्रति,
माननीय सचिव,
केंद्रीय पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय



१४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या अनुसूचीत आठव्या बाबीखाली पर्यावरण मंजुरी लागणारे दोन वर्ग आहेत. पहिला २०,००० चौरस मीटर बांधकामापासून सुरू होतो. दुसरा वसाहतींचा : क्षेत्र ५० हेक्टर किंवा बांधकाम दीड लाख चौरस मीटर. मुळशी-मावळच्या डोंगरउतारांवरचे एनए (बिगरशेती) प्लॉटिंग या दोन्हींतून सहज निसटते.

कारण प्लॉट विकणारा बांधत काहीच नाही. तो टेकडी छाटतो, रस्ते काढतो, ओढ्यात पाइप टाकून वर मुरूम लोटतो, कमान उभारतो (कमान आधी, गटार नंतर) आणि गुंठ्याच्या भावाने मोकळा होतो. बंगला बांधणार घेणारा, आपापला, दीड-दोनशे चौरस मीटरचा. २०,००० चा आकडा कुणाच्याच खात्यावर चढत नाही. राहिले ५० हेक्टर, म्हणजे सुमारे १२३ एकर. तेवढी जमीन सलग असली तरी सातबारे वेगळे, गट वेगळे, रेखांकने तीन. कागदावर तीन किरकोळ प्रस्ताव. पावसाळ्यात गाळ मात्र एकाच ओढ्याने खालच्या भातखाचरांत उतरतो.

नगररचना कार्यालय रस्त्याची रुंदी पाहते, मोकळी जागा मोजते. उतारावरचे पाणी आता कुठून जाणार, हा प्रश्न तुमच्या अनुसूचीने विचारायला हवा. ती फक्त क्षेत्रफळ विचारते.

आयर्लंडने पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, काढण्यासाठी ५० हेक्टरचीच मर्यादा ठेवली होती. केवळ आकार पाहणारी, जागेचे स्वरूप आणि शेजारच्या प्रकल्पांचा एकत्रित परिणाम सोडून देणारी अशी मर्यादा चालणार नाही, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २१ सप्टेंबर १९९९ रोजी दिला. आपली अधिसूचना त्यानंतर सात वर्षांनी आली.

शिवाय ५० हेक्टर ओलांडले तरी वसाहतींना जनसुनावणी माफ. खाणीसाठी गावाला बोलावता, डोंगराचे प्लॉट पडताना नाही.

अधिसूचनेत दुरुस्ती करा. लगतच्या गटांत पाच वर्षांत मंजूर झालेल्या रेखांकनांचे क्षेत्र एकत्र मोजले जावे. भूमी अभिलेखाच्या नकाशावर हे एका दुपारचे काम आहे. तीव्र उतार, ओढा किंवा वनहद्द असेल तिथे मर्यादा ५० हेक्टरच्या बरीच खाली आणावी. आणि मंजुरीआधी खालच्या गावांना हरकत नोंदवता यावी, ग्रामपंचायतीत, मराठीत.

आपला,
मुळशी तालुक्यातील एक भातशेतकरी