सायकलफेरीचा हिशेब

सायकलफेरीचे नागपूरला आता अप्रूप राहिलेले नाही. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका खंड ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यापूर्वी २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टरबंधूंनी तीच शर्यत जोडीने पार करून आदिवासींच्या सेवाकार्याकडे लक्ष वेधले होते.

परोपकारासाठी सायकल चालविणे स्तुत्यच. परंतु पदके आणि छायाचित्रे म्हणजे परोपकार नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली ३६ सायकलस्वारांनी कर्करोगाविरुद्धच्या कार्यासाठी १०,२०० डॉलर जमविले. ती फेरी आजही दरवर्षी निघते. स्वारांनी गोळा केलेला सर्व निधी संस्थेला मिळतो. खर्च प्रवेशशुल्क व पुरस्कर्ते यांच्याकडून भागविला जातो. लोकांचा विश्वास टिकतो तो अशा चोख व्यवहारामुळे.

आपल्याकडील संयोजकांनीही किती जमले, किती खर्चले आणि कोणाला पोचले, हे जाहीर करावे. त्या जमाखर्चात एक कलम रस्त्याचेही असावे. रविवारी पोलीस बंदोबस्तात फेरी सुखरूप पार पडते. सोमवारी हिंगण्याच्या कारखान्याकडे सायकलने निघालेल्या कामगाराला मात्र ट्रकच्या शेजारून जीव मुठीत धरून जावे लागते. त्याच्या वाटेचा विचार ज्या दयाबुद्धीला सुचत नाही, ती अपुरीच म्हटली पाहिजे.