ॲल्युमिनियमच्या कामाची पडतळ

व्यापारी घराण्यांतील काही तरुण दुकानाची गादी सोडून बेळगावच्या उद्यमबागेत ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगकामाकडे वळत आहेत. त्यांचे धाडस स्तुत्य होय. परंतु भाव सांगण्याची त्यांची रीत आम्हांस चिंताजनक वाटते. गिऱ्हाइकाने धान्याचे नरसाळे वा टाकी मागितली की वजन काढावयाचे आणि किलोस अमुक म्हणून मोकळे व्हावयाचे, ही लोखंडी कामातील वहिवाट त्यांनी जशीच्या तशी उचलली आहे.

तीन मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा सुमारे २३.५ किलो भरतो. ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा अवघा ८.१ किलो. टाकी तीच, सांध्यांची लांबी तीच, वजन मात्र एक तृतीयांश. किलोमागे मजुरी लोखंडाइतकीच धरली, तर दोन तृतीयांश मजुरी खिशातूनच गेली! वास्तविक येथे कष्ट अधिक आहेत. हा धातू ६६० अंशांस वितळतो, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांपर्यंत दाद देत नाही. तो आधी घासून काढावा लागतो. उष्णतेने पत्रा वाकतो, तो सरळ करावा लागतो. आर्गॉन वायूचा खर्च निराळाच.

यमनापूरला हिंडाल्कोचा कारखाना असल्यामुळे येथे धातू स्वस्त मिळत असेल, असाही काहींचा समज आहे. तेथून आज निघते ती ॲल्युमिनाची पांढरी भुकटी, पत्रा नव्हे. पत्र्याचा भाव लंडनच्या धातुबाजाराबरोबर हलतो. म्हणून दरपत्रकावर मुदत घालणे अवश्य आहे.

तूर खरेदी करताना आपण केवळ बाजारभाव पाहत नाही. हमाली, तोलाई, बारदान, भाडे व घट धरूनच पडतळ काढतो. तीच दृष्टी येथे हवी. पत्रा व त्यातील कटणी, सांध्यांचे मीटर, त्यांस लागणारे तास, वायू, सळई, वीज आणि बिघडलेले काम पुन्हा करण्याची तरतूद, हे सर्व वेगवेगळे मांडावे. एकच नग असेल तर आखणी व जुळणीचा सारा भार त्या एकावरच पडतो; वीस नगांत तो वाटला जातो.

गिऱ्हाईकही निर्दोष नाही. तोट्यात घेतलेले काम घाईने उरकले जाते, घासणी टळते, सांध्यात छिद्रे राहतात व पुढे तो चिरतो. बेळगाव-निपाणीच्या ज्या बंधूंस वखारीसाठी असे काम करवून घ्यावयाचे असेल, त्यांनी किलोचा भाव विचारू नये. सांधे किती मीटर आणि तास किती धरले, हे विचारावे. त्याचे उत्तर कागदावर मिळेपर्यंत विसार देऊ नये.