ब्लॉक मिळाला, ऐकणारा कुठे आहे?

नरकचतुर्दशीला आपण पायाखाली कारीट फोडतो आणि त्याची कडू बी जिभेला लावतो. तेव्हा दिवाळी अंकातही चार कडू शब्द चालून जावेत.

गिरगावापासून लालबागपर्यंत सध्या एकच मंत्र ऐकू येतो: चाळ सुटली की माणूस वर आला! मला हा मंत्र मुळीच मान्य नाही. गैरसमज नको. सार्वजनिक संडासापुढे टमरेल घेऊन उभे राहण्यात कसलेही काव्य नाही. ते ज्यांना दिसते, ते बहुधा चाळीत कधी राहिलेले नसतात. नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींत 160 चौरस फुटांच्या खोलीऐवजी 500 चौरस फुटांचे घर द्यायचे ठरले, ते हक्काचेच. वरळीच्या 556 कुटुंबांना 2025 च्या ऑगस्टमध्ये अशा किल्ल्या मिळाल्या, याचा मलाही आनंद आहे.

माझे भांडण आहे ते किल्लीबरोबर गळ्यात पडणाऱ्या प्रतिष्ठेशी. घरात नळ आला, हे सुख झाले. ते एकट्यालाही भोगता येते. पण ‘आम्ही बाविसाव्या मजल्यावर असतो’ हे सांगायला ऐकणारा लागतो, आणि त्याला तर आपण गॅलरीतच सोडून आलो! चाळीत कोणी रेडिओ घेतला की चार बिऱ्हाडे दारात जमत. मनातून जळत असतील, पण जमत. आता भिंतीएवढा टीव्ही आणला तरी शेजारी बेखबर. त्याचे दार बंद, आणि डोळे समोरच्या विक्रीच्या इमारतीतल्या पोहण्याच्या तलावावर. म्हणजे वर चढूनही आपण खालचेच!

माझ्या परिचयाच्या एक आजी अशाच उंचीवर राहायला गेल्या. त्या म्हणाल्या, “सगळं छान आहे रे, पण कोण कोणाशी भांडतंय ते कळत नाही.” हसू नका. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, तेव्हा कोणाची चूल पेटली नाही हे शेजारणीला न सांगता कळत होते. बंद दाराआडून ते कसे कळावे?

पुनर्विकासाच्या सभांना मी बसलो आहे. कार्पेट एरिया किती, पार्किंग कोणाला, कॉर्पस केवढा, यावर घसे बसेपर्यंत वाद होतात. वाचकहो, पुढच्या सभेत एक प्रश्न माझ्यातर्फे विचारा: मजल्यावर दारे समोरासमोर उघडतील आणि दोन म्हाताऱ्यांना खुर्च्या टाकून बसता येईल, एवढी जागा नकाशात कुठे दाखवली आहे?