नकाशात पाऊस पडत नाही

ओढा उडी मारून ओलांडता येतो की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. पण ओपनस्ट्रीटमॅप या, कुणीही भर घालावी आणि कुणीही वापरावा अशा नकाशाच्या नियमावलीत नदी आणि ओढा यांच्यातला भेद याच कसोटीवर केलेला आहे. धडधाकट माणसाला उडी मारून पलीकडे जाता यावे इतका अरुंद प्रवाह तो ओढा. त्याहून रुंद ती नदी. कसोटी मोठी लोभस आहे, आणि तिच्यात पाऊलवाटेने हिंडणाऱ्या माणसाचा शहाणपणाही आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली हा नकाशा सुरू केला तो इंग्लंडात. तिथल्या बारमाही, संथ ओहोळांना ही कसोटी चपखल बसते. आमच्या सह्याद्रीच्या पायथ्याचा ओढा मात्र एप्रिलात उडीची अपेक्षाच ठेवत नाही, गोट्यांवरून कोरड्या पायांनी पलीकडे जावे. आणि जुलैत तोच ओढा उभा बैल वाहून नेतो. आता याची नोंद काय करायची?

ज्यांनी असा नकाशा आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. संगणकाला डोंगर, नदी, गाव यांतले काही कळत नाही. त्याला तीनच आकार कळतात : बिंदू, रेषा आणि बंद रेषेने वेढलेले क्षेत्र. विहीर हा बिंदू, पायवाट ही रेषा, तळे हे क्षेत्र. (बसमार्गासारख्या अनेक तुकड्यांच्या गोष्टी बांधण्यासाठी 'संबंध' नावाची चौथी सोय आहे, ती इथे बाजूला ठेवू.) मग त्या आकाराला शब्दांच्या जोड्या चिकटवायच्या : प्रवाह, तर कोणता? ओढा. रस्ता, तर कोणता? पायवाट. सगळे भूगोलविश्व एवढ्यावर उभे आहे. यात गमतीही होतात. ब्रिटनमध्ये 'अनक्लासिफाइड' ही लहान सार्वजनिक रस्त्यांची एक रीतसर प्रशासकीय श्रेणी आहे. आमच्याकडची मंडळी तिचा अर्थ 'अजून वर्गीकरण व्हायचे आहे' असा घेतात.

साहित्याच्या वर्तुळात वावरणाऱ्या आमच्या मित्रांना या प्रकाराचा राग येतो. ओढा, ओहोळ, नाला, वहाळ, पऱ्ह्या या साऱ्यांना एकाच खणात कोंबायचे म्हणजे भाषेची हत्या, असे त्यांचे म्हणणे. आम्हाला हे रुदन पटत नाही. नकाशाची विदा म्हणजे मोल्सवर्थचा कोश नव्हे. स्थानिक शब्द नावाच्या रकान्यात सुखाने राहू शकतो, आणि तो देवनागरीत लिहिण्यासही कुणाची ना नाही. नुकसान होते ते निराळ्या ठिकाणी. पऱ्ह्या म्हटल्याबरोबर कोकणातल्या माणसाला पावसात डोंगरावरून धावत सुटलेले पाणी दिसते. त्या शब्दात ऋतू आहे. खणात शब्द गेला नाही तरी चालेल. ऋतू गेला पाहिजे, आणि तोच जात नाही.

हे पूर्वी असे नव्हते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने कागदी नकाशे ज्यांनी भिंगाखाली पाहिले असतील त्यांना आठवेल की बारमाही पाणी त्यांत निळे असते आणि कोरडे पडणारे ओढे काळे. एकाच नदीच्या पात्रात काळ्या काठांच्या मधून निळा धागा जाताना दिसतो : उन्हाळ्यात पाणी एवढेच, पावसात पात्र भरून. बैलगाडीची वाट, लादलेल्या जनावरांची वाट आणि माणसाची पायवाट यांना निरनिराळ्या खुणा असत. ते नकाशे काढणाऱ्यांचे हेतू फौजेचे आणि महसुलाचे होते, पण त्यांची माणसे त्या जमिनीवरून चालली होती.

आजचा नकाशा बहुतांशी खुर्चीत बसून काढला जातो. पडद्यावर उपग्रहाचे चित्र उघडायचे आणि त्यावर रेषा ओढत जायचे. आणि उपग्रहाचे चित्र कोणत्या दिवसाचे निवडतात? ज्या दिवशी ढग नाहीत त्या दिवसाचे. म्हणजे आमच्याकडे ते बहुधा दिवाळीनंतरचे आणि मृगापूर्वीचे असणार. संगणकातला महाराष्ट्र त्यामुळे कायम हिवाळ्या-उन्हाळ्यातला आहे. तिथे पाऊस पडतच नाही.

काही वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका वाडीची वाट नकाशात भरताना आम्ही ती पडद्यावर मोठ्या समाधानाने ओढली होती. प्रत्यक्ष गेलो तेव्हा ओढ्याकाठी भारा टेकवून बसलेल्या एका मावशींना ती दाखवली. त्या म्हणाल्या, "बरुबर हाय की. पर पावसात ही वाट नसती, बाबा." आम्ही वरमलो. कारण संगणकाच्या लेखी ती वाट बारा महिने होती. वाटेची रेषा आणि ओढ्याची रेषा एकमेकींना छेदताना दिसतात, पण त्या छेदावर दोघींचा सामाईक बिंदू नसेल आणि त्या बिंदूवर 'इथे पाण्यातून जावे लागते' अशी नोंद नसेल, तर मार्ग शोधणारे यंत्र ओढ्याकडे पाहतही नाही. ते फक्त वाटांचे जाळे वाचते. त्याला ओढा म्हणजे शोभेची निळी रेघ. आजारी माणसाला पाटीत घालून नेणाऱ्यांना ते जुलैतही हीच वाट दाखवील.

क्षेत्राचीही हीच कथा. उजनीचा जलाशय नकाशात एक भलेमोठे निळे क्षेत्र आहे. पण त्याचा काठ कोणता? पूर्ण संचयाचा काठ धरला तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर ज्या गाळपेर जमिनीत पिके उभी असतात ती निळ्याखाली बुडते. उन्हाळ्याचा धरला तर पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ, जे पाणी उतरल्यावर वर येते, ते बाराही महिने उघडे पडते. दोन्ही खरे आणि दोन्ही अर्धे. निळी रेघ कुठे ओढायची हे कुणीतरी ठरवलेले असते, आणि त्या निर्णयाने शेत दिसते किंवा नाहीसे होते.

वाडीचा प्रश्न याहून जड आहे. आपल्या जनगणनेचे ग्रामीण परिमाण महसुली गाव हे आहे. वाड्या, पाडे, वस्त्या त्याच्या पोटात मोजल्या जातात. गावाच्या मध्याशी एक बिंदू टाकला की गाव नकाशात आले, आणि दोन कोस वर डोंगराच्या सोंडेवर राहणारी माणसे त्या बिंदूत गृहीत धरली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळगडाखालच्या ठाकरांच्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेल्यांना पावसात, चिखलातून चढून जावे लागले. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसे मिळालीच नाहीत. दरडींचा धोका असलेल्या ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे नंतर सरकारनेच सांगितले. यादीत नाव असल्याने डोंगर थांबत नाही, हे आम्हालाही कळते. पण ज्या ठिकाणाची स्वतंत्र नोंद नाही, त्याचा धोका हे कुणाचेच काम ठरत नाही.

यावर 'परकी चौकट आहे, आपल्याला बसत नाही' असे म्हणून हात झटकणे फार सोयीचे आहे. चौकट वाटते तितकी परकी नाही. पाणी काही काळच असते, हे सांगण्याचा रकाना तिच्यात आहे. ऋतूचा रकाना आहे, आणि त्यात युरोपच्या चार ऋतूंच्या जोडीला पावसाळ्याला व कोरड्या ऋतूलाही जागा आहे. उताराला खूण आहे, पुलाला आहे, म्हणजे साकवालाही. गावाहून लहान वस्तीला आणि एकट्या झापालाही आहे. रकाने रिकामे आहेत ते आपण भरले नाहीत म्हणून. आणि ते उपग्रहाला भरता येणारे नाहीत. ज्यांचे पाय त्या पाण्यात गेले आहेत त्यांना विचारूनच भरावे लागतील. मराठी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांनी भाषेच्या नावाने गळा काढण्याऐवजी आपापल्या गावच्या दोन ओढ्यांची नोंद पुरी केली, तर आम्हाला ते अधिक भाषाप्रेमाचे वाटेल.

त्या वाडीच्या वाटेवर आम्ही मग सामाईक बिंदू टाकला. मावशींनी त्या जागेचे नावही सांगितले होते : म्हशीचा उतार. ते नावाच्या रकान्यात गेले, आणि ओढ्याला पावसाळ्याची नोंद जोडली. महिन्याभराने कुणा दूरदेशीच्या सदस्याने, चित्रात तिथे पाणी दिसत नाही असे कारण देऊन, तो बिंदू पुसून टाकला. त्याचेही चूक नव्हते. त्याच्यापुढचे चित्र फेब्रुवारीचे असावे. आम्ही बिंदू परत घातला आणि खाली टिपेच्या जागी लिहिले : चित्र बरोबर आहे, पण ते उन्हाळ्याचे आहे. जुलैचे वाडीतल्या माणसांना विचारून घेतले आहे. तेव्हापासून तो बिंदू कुणी हलवलेला नाही.