पाच एकरवाल्याला कोणाची भीती घातली?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणातल्या आदिलाबादला १३ मे रोजी मतदान झालं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा दाखला दिला आणि प्रचाराचा सूरच बदलला. सरगुजाच्या सभेत पंतप्रधानांनी आयुर्विम्याची घराघरात पाठ असलेली घोषणा उलटवली: काँग्रेस जिवंतपणीही लुटेल, मेल्यावरही लुटेल. त्याआधी बांसवाड्याच्या सभेत, काँग्रेस मंगळसूत्रही सोडणार नाही, असा उल्लेख त्यांनी केलाच होता. असा कर लावण्याचा आमचा बेत नाही, हे काँग्रेसने लगेच सांगितलं. पण खुलासा घोषणेइतका दूर जात नाही.

पैनगंगेच्या अलीकडे बेला, जैनथ भागात कापूस पिकवणाऱ्या मराठी शेतकऱ्याची इस्टेट ती काय? चार-पाच एकर काळी जमीन, घर, बायकोच्या अंगावरचं सोनं. 'तुमचं घेतील' या वाक्यातला 'तुमचं' त्याला स्वतःचंच वाटणार. प्रत्यक्षात अमेरिकेचा असा केंद्रीय कर २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ३६ लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तेलाच लागू होता. आपल्याकडे शेतजमिनीवरचं मृत्यूनंतरचं शुल्क राज्यघटनेने राज्यसूचीत ठेवलं आहे. दिल्लीला ते परस्पर लावता येत नाही. सभेत हे कोणी सांगितलं नाही.

असा मृत्यूनंतरचा कर आपणही अनुभवलेला आहे. १९५३ च्या कायद्याने आलेलं संपदा शुल्क पुढे २० लाखांवरच्या हिश्शाला ८५ टक्क्यांपर्यंत गेलं. वसुली तुटपुंजी, कटकटी आणि दावे भरपूर, म्हणून १९८५ मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ते रद्द केलं. सरकार काँग्रेसचंच होतं. तो कर पुन्हा आणावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी वजनदार मुद्दे आहेत. मात्र 'लूट' म्हटलं की मर्यादा किती, दर किती, शेती धरली का, हे प्रश्न विचारायची सोयच उरत नाही. 'श्रीमंतांवर कर' एवढंच म्हणणारेही आकडा सांगायचं टाळतात, तेव्हा तेही तेच करतात.

आदिलाबादच्या शेतकऱ्याला वारशाचा खरा जाच वेगळाच आहे. बाप गेल्यावर विरासत, म्हणजे जमिनीवर वारसांची नोंद लावायची, म्हणजे भावा-बहिणींच्या सह्या, कुटुंब प्रमाणपत्र, मी-सेवा केंद्र, तहसील. नाव पासबुकावर चढेपर्यंत पीककर्ज अडतं आणि सरकारी मदतही. हा जाच अडीच एकरवालाही सोसतो, आणि त्या उन्हाळ्यातल्या प्रचारात त्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.