तेरा हजार रुपये कुणाचे?

मागच्या रविवारी माझी नात लॅपटॉप घेऊन आली. ती आणि तिच्या ऑफिसातली पाच मुलंमुली मिळून सहा जण ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघाली आहेत. "आजोबा, तुम्ही हिशेबात पक्के. एकदा नजर टाका ना." शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवला, पण सहलीचा जमाखर्च तीस वर्षं माझ्याकडेच असायचा. तेव्हापासून घरातला कुठलाही प्रवासाचा हिशेब माझ्या हातून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी चष्मा लावला आणि बसलो.

मुलीने तयारी चांगली केली होती. काही किरकोळ चुका होत्या, त्या आधी सांगतो, कुणाच्या उपयोगी पडतील. एक म्हणजे तिने काही आकडे नेपाळी रुपयांत घेतले होते आणि काही आपल्या रुपयांत, आणि सरळ बेरीज करून टाकली होती! आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. दुसरी चूक तिच्या फायद्याची निघाली. सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी तिने युरोपीय माणसाला पडते तेवढी धरली होती. सार्क देशांच्या नागरिकांना ती निम्मी असते. तिसरी गोष्ट विमानाची. लुक्लाचं विमान काठमांडूहूनच सुटेल असं तिने गृहीत धरलं होतं. गर्दीच्या मोसमात ते बहुतेक वेळा रामेछापहून सोडतात, आणि तिथे पोचायला काठमांडूतून मध्यरात्रीच गाडीत बसावं लागतं. चौथी गोष्ट वरच्या खर्चाची. लुक्लाच्या पुढे मोटार जात नाही. सामान माणसाच्या, खेचराच्या नाहीतर याकच्या पाठीवरून वर चढतं. म्हणून जसजसं वर जाल तसतसा चहा महाग, गरम पाणी महाग, मोबाइल चार्ज करणंही महाग. खालचा भाव धरून वरचा खर्च काढला की पाकीट अर्ध्या वाटेवरच रिकामं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मुख्य आकडा आला. दोन कंपन्यांचे दर होते. काठमांडू ते काठमांडू, वाटाड्या, पोर्टर, राहणं, जेवण धरून एकीचा माणशी एकसष्ट हजार, दुसरीचा अठ्ठेचाळीस हजार. नातीने अर्थातच अठ्ठेचाळीसवर खूण केली होती.

मी विचारलं, "तेरा हजारांचा फरक कसला गं?"

"काही नाही हो आजोबा, ती पहिली कंपनी नाव विकते."

असेल बुवा. नावाचे पैसे घेणारे असतातच. पण सहा माणसांचे मिळून अठ्ठ्याहत्तर हजार होतात. एवढी रक्कम नुसती नावाची नसते. ती कुठून तरी कापलेली असणार. मी तिला म्हटलं, दोघांनाही फोन लाव आणि चारच प्रश्न विचार. एकूण दिवस किती? सहा जणांमागे पोर्टर किती? पोर्टरचा विमा आणि गरम कपडे कोण देतं? आणि कुणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण येतं?

तिने लावले फोन. स्वस्तातल्या कंपनीची उत्तरं ऐकून ती जरा गप्प झाली. दिवस दोनने कमी, डिंगबोचेचा मुक्काम एकच रात्रीचा. सहा जणांमागे पोर्टर दोन. विमा "असतो मॅडम, काळजी करू नका", पण कागद पाठवतो म्हणाले तो आला नाही. वाटाड्या एकच, त्यामुळे कुणी आजारी पडलं तर "बघू, तिथे माणसं मिळतात."

महाग कंपनीने तीन पोर्टर आणि एक मदतनीस वाटाड्या धरला होता. नामचे आणि डिंगबोचे या दोन्ही ठिकाणी दोन दोन रात्री. विम्याचा कागद अर्ध्या तासात आला.

म्हणजे तेरा हजारांचा शोध लागला. त्यात नाव थोडंसंच होतं. बाकी होता एका हमालाचा रोजगार, दोन हमालांच्या पाठीवरचा जास्तीचा बोजा, सगळ्यांच्या फुफ्फुसांना मिळायची विश्रांती, आणि अडचणीच्या वेळी खाली नेणारा एक माणूस.

हे मला इतक्या चटकन कसं सुचलं, ते सांगितलं पाहिजे. सांगायला बरं वाटत नाही, तरी सांगतो.

१९८४ सालच्या मे महिन्यात आम्ही चार शिक्षक कुमाऊँमधल्या पिंडारी हिमनदीला गेलो होतो. काठगोदामपर्यंत रेल्वे, पुढे अल्मोडा, बागेश्वर करत एसटीसारख्याच खडखडणाऱ्या बसने, आणि मग पायी. लोहारखेत, धाकुरी, खाती, द्वाली, फुरकिया असे मुक्काम. वाटेवर सार्वजनिक बांधकाम खात्याचे जुने बंगले होते, त्यांत उतरायचं. सामानाला एक माणूस घेतला. वय विशीच्या आतबाहेर. त्याने दिवसाला पंचवीस रुपये मागितले. आम्ही चौघांनी घासाघीस करून त्याला अठरावर आणलं. त्या संध्याकाळी आम्हाला आपल्या हुशारीचं मोठं कौतुक वाटलं होतं.

फुरकियाला रात्री पाऊस आणि गारा. आम्ही आत, रजईत. तो चौकीदाराच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी, अंगावर एक घोंगडी आणि पायांत फाटके कॅनव्हासचे बूट. सकाळी तो तापाने फणफणलेला. आम्ही त्याला दोन गोळ्या दिल्या, तिथेच ठेवला आणि हिमनदी बघून आलो. परतताना तो दोन दिवस आमच्या मागून रिकाम्या हाताने चालला. बोजा आम्ही वाटून घेतला.

खाली आल्यावर हिशेब झाला. हिशेब अर्थात मीच केला. आठ दिवसांतून दोन दिवस काम नाही, म्हणून सहा दिवसांचे अठरा प्रमाणे एकशे आठ रुपये. तो काही बोलला नाही. "ठीक है, मास्टरजी," म्हणाला आणि पैसे घेऊन निघून गेला.

त्याने मागितलेल्या दराने आठ दिवसांचे दोनशे झाले असते. म्हणजे आम्ही ब्याण्णव रुपये वाचवले. माणशी तेवीस. परतीच्या वाटेवर अल्मोड्याच्या बाजारात मी शिक्षकांच्या खोलीसाठी बालमिठाई घेतली, ती याहून जास्तीची होती.

तेव्हा हे कुणाला खटकलं नाही. आम्ही वाईट माणसं नव्हतो. वर्गात साने गुरुजींबद्दल बोलताना माझा आवाज कातर व्हायचा. पण आमच्या अंदाजपत्रकात त्या मुलासाठी रजईचा रकाना नव्हता. आजारपणाचा रकाना नव्हता. जे वहीत लिहिलेलं नसतं त्याचा आयत्या वेळी विचार होत नाही, हे मी त्या ट्रेकमधून शिकलो. शिकायला मात्र बरीच वर्षं लागली.

म्हणून माझं मत असं, की हिमालयाच्या खर्चात तीन गोष्टींना हात लावू नये.

पहिली, दिवस. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. नामचे ३४४० मीटरवर, डिंगबोचे ४४१० वर, गोरक शेप ५१६४ वर आणि बेस कॅम्प ५३६४ वर. नामचे आणि डिंगबोचेला दोन दोन रात्री का काढतात, ते या आकड्यांतच दिसतं. त्याशिवाय एक-दोन दिवस हवेसाठी मोकळे पाहिजेत. ऑक्टोबर हा उत्तम मोसम खरा, पण ऑक्टोबर २०१४ मध्येच हुदहुद चक्रीवादळाचं शेपूट नेपाळपर्यंत पोचलं आणि अन्नपूर्णा भागात थोराँग खिंडीच्या परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यांत परदेशी पाहुणे होते, तसे नेपाळी वाटाडे आणि हमालही होते. लुक्लाची विमानं तर ढग आले की दिवसच्या दिवस बंद. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्याच दिवसाचं काढलं की मग डोंगरावरचे निर्णय ते तिकीट घ्यायला लागतं. डोकं दुखतंय, उलटी झाली, तरी "चला, वेळ नाही."

दुसरी गोष्ट, पाठीवरचं वजन. ट्रेकिंगच्या पोर्टरसाठी नेपाळात साधारण तीस किलोची मर्यादा मानतात. सहा जणांच्या बारा बारा किलोच्या पिशव्या म्हणजे बहात्तर किलो. दोघांत वाटले तर छत्तीस, वर त्यांचं स्वतःचं सामान. तिघांत वाटले तर चोवीस. हे चौथीच्या मुलाचं गणित आहे, पण सोडवत कुणी नाही. आपल्याला वाटतं, ही डोंगरातली माणसं, यांना उंची काय लागणार! पण बरेच हमाल खालच्या गावांतून आलेले असतात. त्यांना तुमच्या-आमच्याइतकीच विरळ हवा लागते, फक्त ते सांगत नाहीत, कारण सांगितलं तर रोज बुडतो. अशाच एका आजारी तरुण हमालाच्या मृत्यूनंतर १९९७ मध्ये हमालांच्या संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. आजारी हमालाला पैसे देऊन एकट्याने खाली पाठवू नये, हा त्यांचा साधा आग्रह आहे. तो वाचला तेव्हा मला फुरकियाची ती सकाळ आठवली.

तिसरी गोष्ट, खाली येण्याचे पैसे. विमा काढताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे ते वाचावं. पाच हजार मीटरच्या ट्रेकला चार हजारांपर्यंतचा विमा काढून काय उपयोग? हेलिकॉप्टर कुणाच्या सांगण्यावरून येणार, तेही आधी विचारून ठेवावं. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपन्यांना बिलं लावण्याचे प्रकार २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत उघड झाले होते. आणि हो, हेलिकॉप्टरपेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वेळेवर पायी खाली उतरणं. त्यासाठी बरोबर यायला एक माणूस मोकळा लागतो.

तुम्ही म्हणाल, मास्तर, पेन्शनीत बसून उपदेश करणं सोपं आहे. तरुण पोरांनी पैसे आणायचे कुठून? आणि असे महागडे नियम लावले तर त्या हमालाचा रोजगारच जाईल त्याचं काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्या अठ्ठेचाळीस हजारांत तिसऱ्या पोर्टरचा रोजगार गेलेलाच होता. स्वस्ताई त्याला काम देत नाही, दोघांकडून तिघांचं काम करून घेते.

पहिला प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही. डोंगर फक्त पैसेवाल्यांचे होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. आम्ही चौघे शिक्षक होतो, पैसे खरंच मोजके होते. पण मोजके पैसे असताना काटायच्या जागा दुसऱ्या असतात. विमानाऐवजी रेल्वेने जा. नवं जॅकेट आणि स्लीपिंग बॅग विकत घेण्याऐवजी भाड्याने घ्या, काठमांडूत थामेलला हवं ते भाड्याने मिळतं. पिशवीतले चार किलो कमी करा. तेवढ्यानेही भागत नसेल तर लहान ट्रेक निवडा. बेस कॅम्प परवडत नाही म्हणून तो स्वस्तात उरकण्यापेक्षा पिंडारी नीट करावा. पिंडारीला आता खातीच्या अलीकडे खरकियापर्यंत गाडी जाते म्हणे, म्हणजे दिवसही वाचतात. मोठा डोंगर अर्ध्या पैशांत बघितला की उरलेले अर्धे कुणीतरी दुसरा भरत असतो. त्याला आपण विचारलेलं नसतं.

आता नातीचं काय झालं ते सांगून थांबतो. तिने हे सगळं मित्रांपुढे मांडलं. बरीच वादावादी झाली म्हणे. एकाने विचारलं, "तुझे आजोबा येणार आहेत का बरोबर?" शेवटी चौघं एकसष्टवाल्या कंपनीबरोबर जायचं ठरलं. दोघं गळले. त्यांतल्या एकाला खरोखरच परवडत नव्हतं, त्याचं मला वाईट वाटलं. नात म्हणाली, पुढच्या वर्षी त्याच्याबरोबर आम्ही पिंडारीला जाऊ.

तिच्या तक्त्यात तिने एक नवा रकाना टाकला आहे: पोर्टर आणि वाटाड्यांची बक्षिसी, आणि वेळ पडली तर आजारपणाच्या दिवसांचा पूर्ण रोज. तो बघून मला बरं वाटलं. पण ते ब्याण्णव रुपये माझ्या नावावर तसेच आहेत. तो मुलगा आज असला तर साठीचा असेल. त्याचं नावसुद्धा आम्ही वहीत लिहून ठेवलं नव्हतं. तिथे नुसतं लिहिलंय, 'हमाल, १०८.'

असो.