जुने दोन राहू द्या

"आजोबा, व्हर्सटाइलला मराठीत काय म्हणायचं?" परवा नातीनं विचारलं. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला असा प्रश्न म्हणजे मेजवानीच की हो! मी म्हटलं, अष्टपैलू. "मग मला तीन अष्टपैलू पिकअप घ्यायचेत," असं म्हणून तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. त्या तीन पिकअपच्या संचाची किंमत पाहून मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली. आमची गिटार ज्या किमतीला घेतली होती तिच्या कितीतरी पट!

इथं थोडं मागं जायला हवं. ही गिटार माझ्या मुलाची. १९९४ साली, तो अकरावीत असताना, नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून त्यानं ती जुनी विकत घेतली. थोडे पैसे त्याचे साठवलेले, थोडे त्याच्या आईनं मला न सांगता दिलेले. पुढच्या वर्षी दिवाळी झाली, बारावीची परीक्षा जवळ आली, आणि मी ती गिटार घोंगडीत गुंडाळून माळ्यावर टाकली. परीक्षा झाली की काढू, असं म्हणालो होतो. परीक्षा झाली, निकाल लागला, तो पुण्याला गेला, तिथंच नोकरीला लागला. गिटार काही कुणी काढली नाही. त्यानं मागितली नाही, मी विषय काढला नाही. जवळजवळ तीस वर्षं.

मुलीची मुलगी अकरावीसाठी आमच्याकडं सेलूला राहायला आली आणि पहिल्याच दिवाळीत माळा साफ करताना तिला ती सापडली. "मामाची गिटार!" म्हणून घर डोक्यावर घेतलं. आता ही बारावीला जाणार आहे. बघा कसा पेच! यंदा मात्र मी माळ्याचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय.

असो. तर पिकअप.

मी कला शाखेचा माणूस. पण शाळेत विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की तास मलाच घ्यावा लागे, आणि फॅरडेचा प्रयोग मी इतक्यांदा फळ्यावर काढलाय की तो झोपेतही काढीन. चुंबक, त्याभोवती तारेचं वेटोळं, जवळ काहीतरी हललं की वेटोळ्यात वीज. पिकअप म्हणजे एवढंच. सहा तारांखाली सहा चुंबकं आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की खाली वीज थरथरते, ती मोठी करून स्पीकरला द्यायची. म्हणूनच नायलॉनच्या तारांना हा पिकअप दाद देत नाही.

आणि ही वस्तू आपल्याला परकीही नाही. जयंतीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीत जो बँजो वाजतो, तो मुळात जपानी वाद्य. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते तयार केलं, आपल्याकडं येऊन बुलबुल तरंग झालं आणि आपल्या पोरांनी त्याला पिकअप बसवून बँजो म्हणायला सुरुवात केली. हातगाडीवर जनरेटर, दोन भोंगे, आणि ढोल-ताशाच्या वर निघणारी ती तार! तिथं पिकअप दणदणीतच हवा. दबका पिकअप लावून मिरवणुकीत कुणी उभं करणार नाही.

पण घरात वाजणाऱ्या, एका संध्याकाळी भजनाची चाल आणि दुसऱ्या संध्याकाळी कानठळ्या बसवणारं काहीतरी वाजवणाऱ्या गिटारला तोच न्याय लावायचा का? माझं मत, नाही. नातीनं दाखवलेला संच म्हणजे तिन्ही पिकअप सारखे, तिन्ही जबर. खाली आकडा लिहिलेला, इतके किलोओहम. दुकानदार हा आकडा गुणपत्रिकेसारखा दाखवतात. आता हा आकडा काय सांगतो? तारेचा विरोध किती, एवढंच. वेढे वाढवले तरी वाढतो, तार बारीक घेतली तरी वाढतो. वेढे वाढले की आवाज मोठा होतो हे खरं, पण त्याबरोबर वरचे, चमकदार स्वर बुजायला लागतात. म्हणजे मोठ्या आकड्याचा पिकअप मोठ्यानं बोलतो, पण त्याला कुजबुजता येत नाही. वर्गात असा एक मुलगा असतोच. एक चालतो. तीन असले तर बाकीच्या वर्गाचा आवाज मास्तरला ऐकूच येत नाही.

अष्टपैलू हा शब्दच बघा ना. पैलू म्हणजे पाडलेल्या खड्याची बाजू. आठही बाजू एकाच दिशेला असतील तर त्याला पैलू म्हणायचं कशाला? गिटारला तीन पिकअप आणि पाच घरांचं बटण दिलंय ते तिन्हींचा आवाज वेगळा असावा म्हणून. मानेजवळचा, म्हणजे नेकचा, भरदार. कारण तिथं तार ऐसपैस हलते. ब्रिजजवळचा धारदार, तिथं तार आखडलेली. मधला मधलाच, पण शेजाऱ्याबरोबर लावला की तिसराच काही आवाज निघतो. हा फरक मोडून तिथं तीन पहिलवान बसवायचे आणि त्याला अष्टपैलू म्हणायचं, हे मला काही पटेना.

पण नुसतं मत देऊन भागणार नव्हतं, कारण गिटारचा ब्रिजचा पिकअप खरोखरच मुका झाला होता. ती घेऊन आम्ही परभणीला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं गेलो. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देतो. कांड्यांवर तांब्याच्या तारा, वार्निशचा वास, आणि दारात रांगेनं ठेवलेल्या पाण्यातल्या मोटारी. त्यानं गिटार उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, ह्या वयात हे काय करायलाव?"

मीटर लावला. नेक पाच पूर्णांक आठ. मधला पाच पूर्णांक नऊ. ब्रिज, काहीच नाही. आत कुठंतरी तार तुटलेली. त्यानं भिंगातून पाहिलं, टोक सापडतंय का बघितलं, आणि मान हलवली. "मोटारीची तार ह्याच्यापुढं दोरखंड हो गुरुजी. हे कोळ्याचं जाळं आहे. हात लावला की अजून तुटंल." म्हणजे एक नवा घ्यायचा होता. एक. तीन नव्हे.

कोणता घ्यावा, यावर आमची आठवडाभर चर्चा चालली. हमबकर नावाचा प्रकार तिला हवा होता. यात दोन वेटोळी असतात, एकमेकांच्या उलट गुंडाळलेली, चुंबकंही उलटी. विजेच्या तारांची गुणगुण दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना खोडते आणि तारेचा स्वर मात्र दोन्हींत एकाच बाजूनं येऊन दुप्पट होतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. काय डोकं लावलंय! आमच्याकडं तर याची फारच गरज. अर्थिंगच्या नावानं बोंब, अर्ध्या घरात तिसरी पिन मोडून टाकलेली, वर इन्व्हर्टर. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे ही सगळी गुणगुण गोळा करणारा कानच.

अडचण अशी की हमबकर रुंद. तो बसवायचा तर गिटारचं लाकूड कोरावं लागतं. नात तयार होती, मी नव्हतो. तीस वर्षं माळ्यावर टाकून मी त्या गिटारचे पुरेसे हाल केलेत, आता पटाशी नको. शोधता शोधता कळलं की दोन अरुंद वेटोळी सिंगल कॉइलच्याच आकारात बसवलेले हमबकर मिळतात. वरून सहा ठिपक्यांऐवजी दोन पट्ट्या दिसतात. न कोरता बसतात. त्यातही मध्यम जोराचा घेतला, सगळ्यात जबर नाही. आणि त्याच्या चार तारा वेगळ्या बाहेर काढलेल्या हव्यात, ही अट घातली. कारण त्या असल्या तरच आतली दोन वेटोळी हवी तशी जोडता येतात.

इथं माझं बहुतेकांशी पटणार नाही. पुष्कळ लोक नॉब ओढला की एक वेटोळं बंद, अशी जोडणी करतात. आवाज बारीक होतो, चमकतो, पण गुणगुण परत येते आणि जोर एकदम पडतो. आम्ही बंद करण्याऐवजी समांतर जोडणी केली. नॉब खाली असताना दोन्ही वेटोळी एकामागोमाग, वर ओढला की समांतर. आवाज हलका आणि स्वच्छ होतो, गुणगुण मात्र येत नाही. अर्थिंग चांगलं असलेल्या गावात पहिली पद्धत करा खुशाल. आमच्याकडं दुसरीच बरी.

सोल्डरिंग माझ्या विद्यार्थ्यानंच केलं. पहिल्यांदा जोडल्यावर ब्रिज आणि मधला एकत्र लावले की आवाज पोकळ, टेलिफोनमधून आल्यासारखा. जुना आणि नवा एकमेकांच्या उलट दिशेनं जोडले गेले होते. नव्याच्या तारांची उलटापालट केली, झालं काम. मग उंची. नात स्क्रू पिळून पिकअप तारांना भिडवायला निघाली होती. फार जवळ नेलं तर चुंबक तारेलाच ओढतं आणि ती बेसूर बोलते. दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवलं. या स्क्रूला पैसे पडत नाहीत, आणि माझा अंदाज असा की पिकअप बदलायला निघालेल्या निम्म्या लोकांचं काम या स्क्रूनंच व्हावं.

जुने दोन ठेवायचे यावर नातीची खळखळ चालूच होती. "ते जुनाट आहेत, आजोबा." शेवटी तिनं मामालाच फोन लावला. मी बाजूला पेपर वाचत होतो, म्हणजे वाचत असल्यासारखा बसलो होतो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "नेकवाला बदलू नको. बटण मधला आणि नेक यांच्यामध्ये ठेव, टोन अर्ध्यावर आण. 'दम मारो दम'ची सुरुवात वाजवून बघ." भूपिंदर सिंगांनी १९७१ साली वाजवलेली ती सुरुवात. तीस वर्षांनंतर त्याला बटण कुठं ठेवायचं ते आठवत होतं, टोन किती तेही. मग त्यानं विचारलं, "अण्णा आहेत का जवळ?" नातीनं माझ्याकडं पाहिलं. मी फोन घेतला. "माळ्यावर उंदरांनी काही कुरतडलं नव्हतं ना?" एवढंच तो म्हणाला. मी म्हटलं, नाही, घोंगडी जाड होती. पुढं दोघांनाही काही सुचलं नाही, मग पाऊस कधी येतोय यावर बोललो.

आता रविवारी संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल करतो आणि त्याला नेकवालाच ऐकायचा असतो. नवा पिकअप पंख्याखाली सुद्धा निवांत वाजतो. जुन्याचं तसं नाही. आमच्या पंख्याला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आहे, पंखा हळू ठेवला की जुन्या पिकअपमधून नुसती भुणभुण. तो रेग्युलेटर बदलायचा राहूनच गेलाय. त्यामुळं रविवारी गिटार हातात घेतली की नात आधी पंखा बंद करते. मे महिना आहे, परभणी जिल्हा आहे. आम्ही म्हातारा-म्हातारी घाम पुसत बसतो, आणि तो पुण्याहून म्हणतो, "अजून एकदा, टोन थोडा कमी करून."